कोलोराडोत पहिली म्यूल डिअरची शिकार: टेक्सासहून जाऊन, तंबू पाठीवर घेऊन (नियोजन)

प्लेनोकर

नमस्कार मंडळी. पुढच्या हंगामाचा बेत मांडतो. आम्ही दोघं मित्र डॅलसच्या उत्तरेला राहतो. टेक्सासमध्ये ब्लाइंडमध्ये (लपायच्या खोपीत) बसून व्हाइटटेल हरीण मारणं दोघांनाही माहीत आहे. आता कोलोराडोत, सार्वजनिक जमिनीवर, गाइड न घेता म्यूल डिअरच्या (पश्चिमेकडचं मोठ्या कानांचं हरीण) मागे जायचंय. दुसरा रायफल हंगाम, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट. फ्लॅट टॉप्स विल्डरनेसमध्ये (वायव्य कोलोराडोतलं वाहनबंदीचं संरक्षित रान) गाडीपासून सहा मैल आत तळ टाकायचा आणि सात दिवस राहायचं, असं डोक्यात आहे. रायफली दोन: .३०८ आणि ६.५ क्रीडमूर. माझं ग्रीन कार्ड आहे, मित्र एच-१बी वर. अर्जापासून मटण घरच्या फ्रीजरमध्ये जाईपर्यंत काय राहतंय आणि कुठे चुकतंय, ते सविस्तर सांगा.

हिरडा

सगळ्यात आधी मित्राचं बघा, बाकी नंतर. एच-१बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा. संघीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्याला बंदूक किंवा काडतुसं नुसती जवळ बाळगायलाही बंदी आहे. त्याला अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. परवाना चालू असेल तर रायफल जवळ ठेवता येते, विकतही घेता येते (दुकानात ४४७३ फॉर्मसोबत परवाना आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) क्रमांक लागतो).

खरी मेख पुढे आहे. टेक्सासचा वार्षिक शिकार परवाना कधीही घेतला तरी ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरला नवा घेतलेला नसेल, तर घरच्या कपाटातली रायफलही त्या दिवशी बेकायदा होते. एच-१बी वाल्यासाठी ही साधी चूक राहत नाही, फौजदारी गुन्हा होतो आणि पुढे ग्रीन कार्डच्या वाटेत उभा राहतो. नवा परवाना ऑगस्टमध्येच घ्या आणि त्याची कागदी प्रत रायफलच्या पेटीत ठेवा. शिवाय एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला तासाभराचे पैसे देऊन त्याच्या प्रकरणापुरतं विचारून घ्या. तुम्हाला ग्रीन कार्डमुळे हे लागू नाही.

दुसरं, हंटर एज्युकेशन. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोराडोत प्रमाणपत्र लागतं. टेक्सासचं चालतं. पण टेक्सासमध्ये शुल्क भरून कोर्स पुढे ढकलण्याची जी एकवेळची सवलत मिळते, ती कोलोराडो मानत नाही. मित्राने ती घेतली असेल तर हिवाळ्यातच कोर्स उरकून टाका.

फोर्टकॉलिन्सकर

आता टॅगचं, म्हणजे एक हरीण मारायच्या परवान्याचं. कोलोराडोत हरणाचा रायफल टॅग दुकानातून थेट मिळत नाही, सगळे ड्रॉने (सोडतीने) जातात. कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या (पुढे सीपीडब्ल्यू म्हणतो) संकेतस्थळावर अर्ज, मुदत एप्रिलच्या सुरुवातीला. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला अर्जाआधी एक 'क्वालिफाइंग' परवाना घ्यावा लागतो. बहुतेक जण स्मॉल गेमचा वार्षिक घेतात, तो शंभर डॉलरच्या आसपास. ड्रॉ लागला तर हरणाचे वर पाचशेच्या आसपास. ड्रॉ न लागला तरी ते शंभर परत येत नाहीत, हे धरूनच बजेट करा.

हंट कोड नीट वाचायला शिका. 'डी-एम-०१२-ओ२-आर' असा साचा असतो: डी म्हणजे डिअर, एम म्हणजे नर, मग युनिटचा (शिकारीसाठी आखलेल्या भागाचा) आकडा, मग हंगाम, शेवटी आर म्हणजे रायफल. 'ओ२' मधला ओ हे अक्षर आहे, शून्य नाही. एक कोड कधी एकाच युनिटला चालतो, कधी शेजारच्या चार-पाच युनिटांना. ते पुस्तिकेत कोडशेजारीच दिलेलं असतं.

दोघांनी ग्रुप अर्ज करा, म्हणजे लागला तर दोघांना, नाही तर कोणालाच नाही. ग्रुपमध्ये ज्याचे प्रेफरन्स पॉइंट (ड्रॉ न लागलेल्या वर्षांचे साठत जाणारे गुण) सर्वात कमी, त्याचेच धरले जातात. पहिल्या पसंतीवर लागलं तर साठवलेले पॉइंट शून्यावर येतात. दुसऱ्या पसंतीवर लागलं तर येत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी पहिली पसंती 'फक्त पॉइंट', आणि दुसरी पसंती कमी मागणीचं युनिट, असाही अर्ज करता येतो. कोणत्या कोडला किती पॉइंट लागले, हे सीपीडब्ल्यूच्या ड्रॉ रिकॅप अहवालात दर वर्षीचं मिळतं. तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून बघा, एकाच वर्षावर जाऊ नका. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वायव्य कोलोराडोत हरणं फार मेली आणि तिथले टॅग कमी केले गेले, त्यामुळे त्या भागाचे त्याआधीचे आकडे आज उपयोगाचे नाहीत.

ड्रॉ हुकला तर दुय्यम ड्रॉ असतो, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला उरलेले टॅग विक्रीला निघतात. टॅग कागदी असतो आणि पोस्टाने येतो. पत्ता बदलला असेल तर खात्यात आधी दुरुस्त करा.

सोंडेवरून

बेतातल्या एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे: सहा मैल. तुम्हाला चालता येतं याबद्दल शंका नाही. पण प्रश्न रिकाम्या पाठीने आत जाण्याचा नाही, भरल्या पाठीने बाहेर येण्याचा आहे.

हिशोब करा. वयात आलेल्या म्यूल डिअर नराचं हाडं काढलेलं मटण साधारण ६० ते ७५ पौंड निघतं. वर शिंगं. रायफल, पाणी आणि गरम कपडे पाठीवर असतातच. म्हणजे एका हरणाच्या दोन खेपा धरा. दोन हरणांच्या चार, तंबू-बिऱ्हाडाच्या दोन, एकूण सहा. माणसं दोन, म्हणजे प्रत्येकी तीन भरल्या खेपा आणि मधे दोन रिकाम्या फेऱ्या. सहा मैलांवर हे माणशी ३० मैल होतात, दहा हजार फुटांवर, कदाचित बर्फातून. दोन मैलांवर तेच १० मैल. पहिल्याला तीन दिवस लागतात, दुसरं दीड दिवसात उरकतं. ऑक्टोबरअखेरीलाही दुपारी ऊन १५ अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि तीन दिवस झाडाला टांगलेलं मटण तुमची वाट बघत थांबत नाही.

विल्डरनेसमध्ये चाकाचं काहीही चालत नाही. गेम कार्टसुद्धा नाही, सायकल नाही. फक्त पाय, घोडा, खेचर किंवा लामा.

दुसरं कारण हरणाचं. फ्लॅट टॉप्सचं पठार दहा-अकरा हजार फुटांवर आहे. उन्हाळ्यात हरणं तिथे असतात, पण बर्फ पडायला लागलं की ती धारेधारेने खाली, अ‍ॅस्पेन आणि ओकब्रशच्या पट्ट्यात उतरतात, अंदाजे साडेसात ते नऊ हजार फूट. तुम्ही सहा मैल चढून वर तंबू ठोकाल आणि हरणं तुमच्या खाली असतील, तीही बऱ्याचदा पार्किंगपासून दोन-तीन मैलांच्या आत.

प्लेनोकर

पण मग आत जायचंच कशाला? रस्त्याजवळ तर सगळी गर्दी असणार ना?

सोंडेवरून

गर्दी मैलांवर ठरत नाही, चढावर आणि वाटेवर ठरते. मोटार व्हेइकल यूज मॅप काढा. फॉरेस्ट सर्व्हिस तो फुकट देते आणि कोणता रस्ता कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या वाहनाला खुला, ते त्यावर असतं. त्यावर दोन गोष्टी शोधा: पहिल्या मैलातच हजार फूट चढणारी पायवाट, किंवा पायवाटच नसलेली सोंड. सपाट पायवाटेवर चार मैल आतही माणसं भेटतात. उभ्या सोंडेवर दीड मैलावर कोणी नसतं. ओढा ओलांडून पलीकडच्या उतारावर जाणारेही थोडे असतात.

जमिनीची मालकी मात्र काटेकोर बघा. फ्लॅट टॉप्सखालच्या दऱ्यांमध्ये बरीच जमीन खासगी आहे. कोलोराडोत पाटी किंवा कुंपण नसलं तरी खासगी जमिनीवर शिकारीला परवानगी लागतेच. 'पाटी दिसली नाही' हे उत्तर चालत नाही. राज्याच्या ट्रस्ट जमिनीही सगळ्या खुल्या नसतात. ऑनएक्स किंवा गाया, नकाशाचं जे अ‍ॅप वापराल त्यात मालकीचा थर घेऊन नकाशे घरीच ऑफलाइन उतरवा, आणि एक कागदी नकाशा ठेवा. थंडीत फोनची बॅटरी बसते.

गव्हाणी

सोंडेवरून यांच्याशी सहमत, एक पर्याय जोडते. सहा मैल आतच जायचं असेल तर मटण बाहेर आणायला घोडेवाला आधीच ठरवा. फॉरेस्ट सर्व्हिसचा परमिट असलेलाच हवा. बिनपरमिटचा पैसे घेऊन मटण वाहतो ते बेकायदा आहे. हंगामात ऐन वेळी फोन केलात तर मिळत नाही, उन्हाळ्यातच बोलून ठेवावं लागतं. हरीण पडल्यावर उपग्रह मेसेंजरवरून त्याला अक्षांश-रेखांश पाठवायचे, अशी पद्धत असते.

आणि वायोमिंगचा कोणी सल्ला दिला तर लक्षात ठेवा: तिथे बाहेरच्या राज्यातल्याला घोषित विल्डरनेसमध्ये हरीण-एल्कची शिकार परवानाधारक गाइडशिवाय (किंवा तिथल्या रहिवाशाने मोफत परमिट काढून सोबत केल्याशिवाय) करता येत नाही. कोलोराडोत अशी अट नाही. पहिल्या खेपेला कोलोराडो निवडलंत ते योग्यच आहे.

उंचीचं गांभीर्य मात्र धाग्यात अजून आलेलं नाही. डॅलस समुद्रसपाटीपासून पाचशे फुटांवर, तुमचा तळ नऊ हजारांवर. ट्रेकचा सराव कितीही असो, डोंगराची सवय आणि उंचीची सवय वेगळी. आपला कळसूबाईही ५४०० फुटांचाच. पहिली रात्र सात-आठ हजार फुटांवरच्या गावात काढा, दुसरी ट्रेलहेडवर गाडीपाशी, मग वर चढा. डॉक्टरला विचारून डायमॉक्स (अ‍ॅसिटाझोलामाइड) घ्या. नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगा. त्याने लघवी जास्त होते, म्हणून दिवसाला तीन-चार लिटर पाणी. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, इथवर थांबून आराम करायचा. बसल्या जागी धाप, ओला खोकला, तोल जाणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी त्याच क्षणी खाली. दोन-तीन हजार फूट उतरणं हाच उपचार.

तयारीला डॅलसमध्ये चढ नाही, तर पार्किंगचे जिने घ्या. पाठीवर ४० पौंड, आठवड्यातून तीनदा, आणि उतरण्यावर भर. भरल्या पाठीने उतरताना गुडघे जातात. ट्रेकिंग पोल दोन घ्या, एक नको.

प्लेनोकर

सहा मैल रद्द. दोन-अडीच मैलांवर, नऊ हजारांच्या आसपास तळ शोधतो. आता थंडी, पाणी, जेवण?

गव्हाणी

थंडी: या उंचीवर ऑक्टोबरअखेरीला रात्री उणे १० सेल्सिअस नेहमीचं, वादळ आलं तर उणे १५. स्लीपिंग बॅगवर जो आकडा छापलेला असतो तो बऱ्याचदा 'जिवंत राहाल' असा असतो. कंफर्ट रेटिंग उणे १० ची बघा. मॅटची आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याची क्षमता) पाच किंवा वर. चांगल्या बॅगेखाली पातळ मॅट घातली की पाठ जमिनीने गार पडते आणि दोष बॅगेला जातो. कॉटन काहीही नको, बनियनसुद्धा नाही. चढताना थंडी वाजली पाहिजे इतकेच कपडे, जाड जॅकेट पिशवीत. घामाने भिजून धारेवर बसलात की अर्ध्या तासात दुर्बीण हातात धरवत नाही.

पाणी: सॉयरसारखा पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा ओला झाल्यावर गोठला की आतले तंतू फुटतात. बाहेरून कळत नाही आणि पाणी तर येत राहतं. रात्री तो पिशवीत घालून झोपायच्या बॅगेत, दिवसा आतल्या खिशात. जोडीला क्लोरिन डायऑक्साइडच्या गोळ्या, पण थंड पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम मरायला चार तास लागतात. ओढे सकाळी गोठलेले असतात, संध्याकाळीच भरून ठेवा आणि बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून, म्हणजे बुडाकडे धरतं आणि झाकण उघडतं.

शेगडी: साध्या ब्युटेनचा डबा शून्याखाली गॅसच सोडत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण उणे दहापर्यंत रडतखडत चालतं. डबा झोपायच्या बॅगेत ठेवा. चार दिवसांहून जास्त राहायचं तर व्हाइट गॅसची (द्रव इंधनाची) शेगडी जास्त भरवशाची.

जेवण: माणशी दिवसाला ८०० ग्रॅम धरा, साडेतीन हजार कॅलरी बसतात. आपल्याकडचं यात फार उपयोगी पडतं. डिंकाचे लाडू, चिक्की, तिळगुळाची पोळी थंडीत खराब होत नाहीत आणि वजनाच्या मानाने ताकद भरपूर. झटपट भातावर उकळतं पाणी, मेतकूट आणि तूप: दहा मिनिटांत पोटभर. तूप वेगळ्या घट्ट डबीत न्या, पण गोठून दगड होतं, चमचा स्टीलचा हवा. पुरणपोळी नको, बुरशी धरते.

धारकरी

रायफल. दोन्ही चालतील. कोलोराडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, १६ इंचांची नळी, ७० ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा लागते. दोन्ही याच्या खूप वर आहेत.

झीरो (स्कोपचा नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर) २०० यार्डांवर करा. उंचीवर हवा विरळ, गोळी थोडी वर लागते, पण ३०० यार्डांवर .३०८ ला फरक इंच-दीड इंचाचा. त्याची फार चिंता नको. चिंता करायची ती नऊशे-हजार मैलांच्या प्रवासात स्कोप हलण्याची. कोलोराडोत पोचल्यावर रेंजवर तीन गोळ्या मारून खात्री करा. उतारावर नेम धरताना रेंजफाइंडर आडवं अंतर दाखवतो की सरळ, ते बघून ठेवा: ३० अंशांच्या उतारावर ३०० यार्ड म्हणजे गोळीच्या हिशोबाने २६०.

घरच्या बाकावरून नेम धरणं आणि धापा टाकत उतारावर बसून धरणं, यात सगळा फरक आहे. जिना चढून या, लगेच पाठपिशवीवर रायफल टेकवून नेम धरा, रिकाम्या रायफलीने रोज दहा वेळा. ज्या अंतरावर दहापैकी नऊ गोळ्या आठ इंचांच्या वर्तुळात बसतात, ते तुमचं अंतर. त्यापलीकडे नाही.

बोल्टवरचं जाड तेल पुसून टाका, थंडीत ते घट्ट होऊन स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारी पिन) मंद पडतो आणि काडतूस फुटत नाही. रायफल रात्री तंबूच्या आत आणू नका, बाहेरच्या पडवीत ठेवा. उबेत आणली की काचेवर बाष्प धरतं आणि सकाळी ते गोठतं.

गाडीत चेंबरमध्ये काडतूस नको. वाटेत मोटेलवर थांबाल तेव्हा रायफल कुलूपबंद पेटीत, नजरेआड, गाडीला कुलूप. २०२५ पासून कोलोराडोत याचा कायदाच आहे. विमानाने जायचं असतं तर बेअर स्प्रे आणि गॅसचा डबा कोणत्याच सामानात चालले नसते. गाडीने जाताय ते बरं.

केशरी: अंगावर ५०० चौरस इंच अखंड चमकता केशरी किंवा गुलाबी, शिवाय डोक्यावर तसलीच टोपी. कॅमोफ्लाजचे डाग असलेला केशरी चालत नाही. पाठीवर पिशवी चढली की केशरी झाकला जातो, म्हणून पिशवीलाही केशरी कव्हर घाला.

सोंडेवरून

शोधण्याबद्दल. टेक्सासच्या ब्लाइंडची सवय इथे सोडावी लागते, इथे मका टाकलेला नाही. चालणं कमी, दुर्बीण जास्त. १०x४२ ची दुर्बीण ट्रायपॉडवर लावा. हातात धरलेल्या दुर्बिणीतून हललेलं हरीण दिसतं, ट्रायपॉडवरून बसलेलंही दिसतं.

उजाडायच्या आधी धारेवर पोचायचं. त्या आठवड्यात सूर्योदय साडेसातच्या आसपास, आणि शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. घड्याळ माउंटन टाइमवर आणलंय का बघा. हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत गेला तर त्या पहाटे घड्याळ एक तास मागे येतं.

पहिला तास समोरच्या उतारावरचे उघडे पट्टे बघा. ऊन वर आलं की हरणं सावलीला, गर्द झाडीच्या कडेला बसतात. मग आख्खं हरीण शोधू नका. कानाचं टोक, झाडांच्या उभ्या रेषांमधली एक आडवी पाठ, ढुंगणाचा पांढरा ठिपका. उतार पट्ट्यापट्ट्याने वाचा आणि संपला की पुन्हा पहिल्यापासून. या आठवड्यात माज अजून चढलेला नसतो, तो नोव्हेंबरच्या मध्याला. मोठे नर एकेकटे, दाट झाडीत, उजेडात मिनिटभरच बाहेर.

वारा: पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर, संध्याकाळी परत खाली. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला जो पालट होतो, त्या अर्ध्या तासात हरणाकडे सरकू नका. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा, दर शंभर पावलांना एक फुंकर.

प्लेनोकर

हरीण पडल्यावर पुढे काय? टेक्सासमध्ये आम्ही आख्खं गाडीत टाकून प्रोसेसरकडे नेतो.

धारकरी

हे नीट वाचा, इथेच मटण वाया जातं.

गोळी लागल्यावर हरीण पळालं तर जिथे उभं होतं ती जागा आधी डोळ्यांत भरा, एखादं ठळक झाड धरा, फोटो काढा. उताराच्या पलीकडे गेलात की सगळं वेगळं दिसतं. अर्धा तास थांबा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच आहे. काळपट लाल म्हणजे यकृत, तीन-चार तास थांबा. हिरवट, घाण वासाचं म्हणजे पोटात लागलं, सहा-आठ तास हात लावू नका. आधी गेलात तर ते उठून दुसऱ्या दरीत जातं.

सापडलं की पहिलं काम टॅग. सुटा करायचा, तारीख घालायची, सही करायची, चाकू काढायच्या आधी. झिपलॉकमध्ये घाला आणि हलवण्यापूर्वी मटणाला झिप टायने बांधा.

आतडी न काढता मटण उतरवण्याची पद्धत वापरा. हरीण कुशीवर, उतारावर पाय खालच्या बाजूला. मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून कातडं कापा, धार आतून बाहेर, म्हणजे केस कापले जात नाहीत आणि मटणाला चिकटत नाहीत. वरच्या बाजूचं कातडं पोटाकडे सोलून पसरा, तेच तुमचं स्वच्छ ताट. पुढच्या पायाला शरीराशी हाडाचा सांधाच नसतो. पाय उचलून धरा आणि खाली चाकू फिरवा, फरा सुटून येतो. मागच्या पायाला खुब्याचा गोळा असतो: आतल्या बाजूने ओटीच्या हाडाला धरून कापत जा, गोळा दिसला की मधली शीर कापा, सुटतो. बदलत्या पात्याचा चाकू इथे वापरू नका, सांध्यात पातं मोडून मटणात राहतं. मग कण्यालगत दोन बोटं खोल चीर देऊन पाठीची लांब पट्टी, आणि मान. टेंडरलॉइन शेवटी: शेवटच्या बरगडीमागे छोटी चीर, कोथळा हाताने खाली दाबा आणि कण्याच्या आतल्या अंगाने बोटांनीच सोडवून काढा. मग हरीण उलटं करा आणि तसंच दुसऱ्या बाजूला.

चारही पाय, पाठीच्या पट्ट्या आणि टेंडरलॉइन मागे सोडणं कोलोराडोत गुन्हा आहे. आणि नर असल्याचा पुरावा नैसर्गिकरीत्या जोडलेला हवा: एका मागच्या मांडीला वृषण तसाच राहू द्या आणि ती मांडी मटण घरी किंवा प्रोसेसरकडे पोचेपर्यंत तशीच ठेवा. वजन वाचवायला बाकीच्यांची हाडं जागेवर काढलीत तरी चालेल.

हरणागणिक पाच गेम बॅग, पातळ कापडाच्या. मटण गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नाही. मांडीच्या हाडालगत उष्णता अडकते आणि मटण आतून आंबतं. बाहेरून हात लावला तर गार लागतं, म्हणून उशिरा कळतं. ऊन असेल तर हाडापर्यंत एक चीर देऊन मांडी उघडी करा. सावलीत, उत्तरेच्या अंगाला, वारा लागेल असं टांगा, तुकडे एकमेकांना टेकू देऊ नका. तंबूपासून शंभर यार्डांहून लांब, जमिनीपासून १२-१५ फूट, खोडापासून चार फूट. काळी अस्वलं तेव्हा अजून जागी असतात. परत येताना वाऱ्याची बाजू धरून, मोठ्याने बोलत या, आणि दोनशे यार्डांवरून आधी दुर्बिणीने बघा.

फोर्टकॉलिन्सकर

क्रॉनिक वेस्टिंग डिसीजबद्दल (हरणांचा मेंदू पोखरणारा रोग). हा रोग पहिल्यांदा १९६७ मध्ये इथल्याच फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत दिसला, आणि आज राज्यातल्या बऱ्याच कळपांत आहे. कारण प्रिऑन (बिघडलेलं प्रथिन), म्हणजे शिजवून, गोठवून काहीच फरक पडत नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरीण खाऊ नये असंच अमेरिकेची आरोग्यसंस्था सीडीसी सांगते. सीपीडब्ल्यू दर वर्षी काही युनिटांसाठी तपासणी सक्तीची करते, तिथे ती मोफत. बाकीच्या ठिकाणी थोडं शुल्क भरून करा. डोकं तपासणी केंद्रावर न्यायचं, ते घशामागच्या लसिकाग्रंथी काढतात. म्हणजे डोकं वाहून आणायचं आहे, खेपांच्या हिशोबात धरा. केंद्राची वेळ आधी बघा, रविवारी संध्याकाळी पोचून दार बंद मिळायला नको.

टेक्सासमध्ये मेंदू किंवा मज्जारज्जू असलेला भाग आणता येत नाही. हाडं काढलेलं मटण, कण्याशिवायचे पाय, आणि मांस-मेंदू पूर्ण साफ केलेल्या कवटीच्या तुकड्यासह शिंगं चालतात. वाटेतल्या न्यू मेक्सिको किंवा ओक्लाहोमाचे नियमही बघा. निकाल यायला काही आठवडे लागू शकतात. तोवर दोघांच्या हरणांचं मटण वेगवेगळ्या पिशव्यांत, वर टॅगचा क्रमांक लिहून. प्रोसेसरकडे दिलंत तर 'दुसऱ्याच्या मटणात मिसळू नका' असं पावतीवर लिहून घ्या.

हिरडा

शिंगं भारतात नेण्याचा विचार कोणाच्या मनात आला तर तो काढून टाका. वन्य प्राण्यांचे अवयव देशात आणायला बंदी आहे. कोलोराडोची पावती दाखवून सुटका होईल असं गृहीत धरू नका.

गव्हाणी

राहिलेलं थोडकं. उपग्रह मेसेंजर घ्या (आयफोन १४ पासून पुढच्यात आपत्कालीन सोय असते, पण घोडेवाल्याशी रोजच्या निरोपाला गार्मिनसारखं यंत्र बरं). शिकार परवान्यातच शोध-बचाव निधीचा छोटा अधिभार असतो, तो रुग्णवाहिकेचं किंवा हेलिकॉप्टरने दवाखान्यात नेण्याचं बिल भरत नाही. विमा वेगळा बघा.

गाडी: आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे दरम्यान टू-व्हील ड्राइव्हला चेन किंवा तसं साधन जवळ ठेवणं सक्तीचं आहे. टेक्सासचे टायर आणि जंगलातला कच्चा रस्ता बघता चारही चाकांच्या चेन, फावडं आणि टो स्ट्रॅप घ्याच. गाडी तोंड बाहेर करून लावा. एका रात्रीत फूटभर बर्फाचा अंदाज आला तर हंगाम उरला असला तरी तळ हलवा, कारण कच्चा रस्ता बंद झाला की तुमच्याबरोबर मटणही अडकतं.

प्लेनोकर

फार उपयोग झाला. शेवटचं एक: दोन हरणं, पंधरा-सोळा तासांचा प्रवास. कूलर किती मोठे?

धारकरी

हरणागणिक ६५-७० क्वार्टचा एक. निघताना दोन-दोन लिटरच्या दुधाच्या प्लास्टिक बाटल्या पाण्याने भरून घरच्या फ्रीजरमध्ये दगड करा, प्रत्येक कूलरमध्ये सहा. बंद कूलर ट्रेलहेडवर गाडीत सावलीला, वर स्लीपिंग मॅट टाकून ठेवला तर त्या थंडीत आठवडाभर बराच बर्फ टिकतो. परतताना मटण आधी टांगून पूर्ण गार झालेलं असावं. गरम मटण बर्फावर टाकलंत तर बर्फ तासांत संपतो. खाली बाटल्या, वर जाळी, वर मटण, वर पुन्हा बाटल्या. बाटल्या बंद असल्याने मटण पाण्यात भिजत नाही. सुटा बर्फ घ्यावाच लागला तर बूच उघडं ठेवून पाणी वाहू द्या. कोलोराडोच्या दक्षिण हद्दीवरच्या ट्रिनिडाडला पेट्रोलसाठी थांबाल तेव्हा झाकण उघडून हात घालून बघा, आणि लागला तर बर्फ तिथेच घ्या.

प्लेनोकर

मित्राचा हंटर एज्युकेशन कोर्स या शनिवारी लावला. ड्रॉ रिकॅप डाउनलोड करतोय. मार्चमध्ये युनिट ठरवून इथेच नकाशा टाकतो.

सोंडेवरून

टाका. त्यावर तळाच्या तीन जागा खुणा करून टाका, एकच नको: एक नऊ हजारांवर, एक साडेआठवर, एक थेट गाडीपाशी. बर्फ कधी पडतं त्यावर त्यातली कोणती ते ठरेल. प्रत्येक जागेपासून पाणी किती लांब, तेही लिहा.